दुबावबाबांनी न दिलेला फोटो

पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं, तर दुबावबाब आधी जनेलातून हात बाहेर काढायचे. हात भिजला तरी समाधान नाही. वरून कुणी बालदी तर ओतली नाही ना म्हणून मान बाहेर काढून वर बघायचे आणि मग म्हणायचे, "पडता आसतलो." दुबाव म्हणजे आमच्या पेडण्याकडे संशय. त्यांचं खरं नाव त्यांच्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही. पाववाला पोदेर सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला की हे प्रत्येक उंडा दाबून बघायचे. पोदेर बिचारा सायकलवर एक पाय टेकून निकालाची वाट बघत उभा असायचा.

त्यांच्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. पेडण्याच्या बाजारात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे नवलाई होती, आणि मोपाच्या सड्यावर विमानतळ येणार, येणार अशी नुसतीच बोलणी चालली होती. मी जागा घेतली त्याच आठवड्यात दुबावबाब जिना चढून वर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सगळ्या यंत्रांच्या मागे वाकून वायरी बघितल्या आणि विचारलं, "गो बाय, ह्यांतल्यान काय भायर येता? माझे रोल खराब जातले." काही बाहेर येत नाही म्हणून मी सांगितलं. त्यांनी एक कोरा रोल माझ्या मेजावर ठेवला, काही दिवसांनी नेऊन धुतला, तो ठीक निघाल्यावर मगच माझ्याशी बोलायला सुरुवात केली.

फोटो काढतानाही तीच तऱ्हा. प्रकाश मोजायचं एक छोटं मीटर त्यांच्या गळ्यात कायम लटकत असायचं आणि त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "मीटर सांगता ता आयकूचा, मानूचा नाय," हे त्यांचं वाक्य सगळ्या तालुक्याला पाठ होतं. म्हणून प्रत्येक फोटो तीनदा. एक मीटर सांगेल तसा, एक त्याहून कमी उजेडाचा, एक जास्त उजेडाचा. लग्नात नवऱ्यामुलाला तीन-तीनदा हार घालायला लावायचे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात भटजी वैतागून म्हणाले होते, अहो, लग्न एकदाच लागतं. त्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं, "आणि फोटो नाय इलो तर?"

क्लासच्या जाहिरातीसाठी मला चालू कॉम्प्युटरचे फोटो हवे होते. आधी एका म्हापशाच्या फोटोग्राफरने काढले होते. त्याने फ्लॅश मारला आणि पडद्याच्या जागी पांढरा डाग आला. मग मी दुबावबाबांना सांगितलं. त्यांनी फ्लॅश लावला नाही, तेवढी अक्कल होती, पण शटर नेहमीच्या वेगाने मारलं. फोटो धुवून आले, तर प्रत्येक पडद्यावर एक काळा पट्टा आडवा पडलेला. कुठे वर, कुठे खाली. झालं, संशय माझ्यावर आला. "तू मध्ये हललंस." मी तुमच्या पाठीमागे उभी होते, काका. "मग ह्या यंत्रान काय तरी केलां."

यंत्र काही करत नव्हतं, यंत्राची रीतच तशी होती. ते जुने पेटीसारखे मॉनिटर, त्यांचा पडदा एकदम उजळत नाही, वरून खाली ओळीओळीने उजळत येतो. आपल्या डोळ्याला कळत नाही इतकं ते भराभर चालतं. शटर त्याहून चपळ असलं की अर्धा पडदा उजळलेला आणि उरलेला काळा, असा पकडला जातो. हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की घरातल्याच माणसाने फसवलं. "म्हणजे जो आख्खो दिसता तो कधीच आख्खो नसता?" मी म्हटलं, नसतो. ते बराच वेळ पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "बरा झाला सांगलंस. ह्याच्यार नजर ठेवूक होयी."

आणि ठेवली हो. पुढचे कितीतरी दिवस त्यांनी माझा जीव खाल्ला. ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, जनेलांना घोंगड्या. काचेत प्रतिबिंब पडतं म्हणून स्वतः काळा सदरा घालून यायचे, आणि एकदा माझ्या पिवळ्या ड्रेसवरून मला जिन्यात उभं केलं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून शटर इतकं हळू मारायचे, की उघडलेलं आणि मिटलेलं वेगवेगळं ऐकू यायचं. पडद्यावर काळं-पांढरं दोन्ही असलं की मीटर भांबावतं, म्हणून मला सगळा पडदा राखाडी करायला लावून त्यावर उजेड मोजायचे. आणि एवढं करून फोटो तीनच. शेवटी अक्षर न् अक्षर वाचता येईल असे फोटो आले. मी खूश झाले. ते म्हणाले, "आज इले. उद्या येतीत म्हणान सांगूक येना."

आता देवळाची गोष्ट. आमचा गाव पेडण्याहून मोपाच्या वाटेवर. देवळाचे अध्यक्ष गावचे भाटकार होते. अर्ध्या गावाच्या काजूबागा त्यांच्या, त्यामुळे शब्दही त्यांचाच. देवळात त्यांनी नवे कॅमेरे बसवले होते, त्याचं सगळं चित्र कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर दिसायचं. होळीच्या वेळच्या शिगम्याच्या आधी भांडाराचं कपाट उघडलं, तर पालखीवरची चांदीची छत्री नाही. हातभर उंचीची, जुन्या घडणीची, बापजाद्यांची. गावात हाहाकार उडाला. भाटकार छाती ठोकून सांगायला लागले, "सोमवारी मी माझ्या डोळ्यांनी कपाटान बघितली." म्हणजे चोरी सोमवारनंतरची, आणि म्हणजे कॅमेऱ्यात असणारच.

संशय कुणावर जाणार हे कॅमेरा बघायच्या आधीच ठरलं होतं. देवळाच्या पायरीशी इंदूमावशी फुलं विकायची. ती दोडामार्गाकडची. नवरा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, तो गेला, आणि ही पदरात काही नसताना आमच्या गावात आली. अबोलीच्या वळेसरांवर, म्हणजे गजऱ्यांवर, तिचं घर चालायचं. संध्याकाळी सभामंडप झाडायची, त्यामुळे आत-बाहेर तिचा वावर. वर ती बाहेरची. आमच्याकडे माणूस जन्मभर राहिला तरी बाहेरचाच राहतो, हे मला आजही आवडत नाही. चोर ठरली असती तर पायरीवरची जागा गेली असती, आणि तो कलंक लागल्यावर तिला दुसऱ्या कुठल्या देवळाच्या पायरीवरही कुणी बसू दिलं नसतं.

कॉम्प्युटर चालवायला मला बोलावलं. ते यंत्र म्हणजे एक नमुना होतं. तीन कॅमेऱ्यांची चित्रं पडद्यावर आळीपाळीने यायची, एक जाऊन दुसरं, दुसरं जाऊन तिसरं. मध्येच थांबवायला गेलं की सगळंच बंद पडायचं. जुनं चित्रण थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जायचं. बसवणारा माणूस फोन उचलत नव्हता. मी म्हटलं, उतरवून घ्यायचा काही तरी मार्ग काढते. भाटकार माझ्याकडे बघून म्हणाले, "कॉम्प्युटरवाले काय पण करतत. आमकां रोलार होयो. निगेटिव्हात कोणाक हात घालूक जमना." म्हणजे माझ्यावरही संशय. अशा रीतीने दुबावबाबांना बोलावणं गेलं.

ते आले तेच तपासनीस होऊन. "सोमवारी बघितलात, तेव्हा उजेड किती होतो?" भाटकार चपापले. बघितली म्हणजे बघितली, ते म्हणाले. मग ह्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पुजाऱ्याची खोली बघितलात? तळी बघितलात? तुमचां घर? तरंगांच्या साड्यांचां गाठोडां? ह्या शेवटच्या प्रश्नावर सगळे एकदम अंगावर आले. दसऱ्याला आमच्याकडे देवाचे उंच खांब साड्या नेसवून मिरवतात, ती तरंगं. दसरा झाला की त्या साड्या उतरवून गाठोड्यात बांधतात, आणि ते गाठोडं पुढच्या दसऱ्यापर्यंत सोडायचं नाही, ही रीत. "बाब, तोंड सांबाळून," भाटकार म्हणाले. दुबावबाब म्हणाले, "मी फक्त विचारलां," आणि कॅमेरा लावायला लागले.

घोंगड्या, काळा सदरा, बंद पंखे, सगळं साग्रसंगीत झालं. मी चित्रण चालू केलं आणि ते श्वास रोखून एकेक फोटो घेत गेले. चित्र थांबवता येत नव्हतं, त्यामुळे पळत्या चित्राचेच घ्यायचे. पण शटर चपळ करावं तर काळा पट्टा येणार, म्हणून हळूच मारायचं. ह्यात एक खाच होती, ती त्या वेळी ना त्यांच्या ध्यानात आली, ना माझ्या.

रोल काळा-पांढरा. तो ते स्वतःच धुवायचे, दुसऱ्याच्या हातात देतील तर दुबावबाब कसले. भाटकार स्टुडिओत खुर्ची टाकून बसले. रोल बदलतील म्हणून त्यांना भीती. मीही होते. दुपार कलल्यावर ओले फोटो चिमटे लावून दोरीवर टांगले गेले. आम्ही तिघेही एकेक बघत चाललो आणि एका फोटोपाशी भाटकार थांबले. भांडाराचं कपाट उघडं, आणि इंदूमावशी पाठमोरी, हात वर करून थेट कपाटात घातलेला. भाटकार खालच्या आवाजात म्हणाले, "गावली."

दुबावबाबांनी तो फोटो दोरीवरून काढला आणि भिंगाखाली धरला. मग दुसरे दोन काढून शेजारी ठेवले. परत भिंग. "सगळ्यांक उजेड एकच दिलंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मगे होच फिको कित्याक?" आणि थोड्या वेळाने मला जवळ बोलावलं. "बाय, तुझे डोळे तरणे आसत. तिच्या हातातल्यान काय दिसता?"

मी वाकून बघितलं. हाताच्या आरपार कपाटाची कडी दिसत होती. डोक्यातून फळी दिसत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शटर उघडं असतानाच पडद्यावरचं चित्र बदललं होतं. आधी पायरीवरच्या कॅमेऱ्याचं, मावशी हात वर करून खिळ्याला वळेसर अडकवतेय. मग भांडाराच्या कॅमेऱ्याचं, कुणीतरी साफसफाईला उघडं टाकलेलं कपाट, समोर माणूस नाही. दोन्ही चित्रं एकाच फोटोत एकमेकांवर बसली. एकाच फोटोचा उजेड दोन्हींत वाटला गेला, म्हणून दोन्ही फिकी.

दुबावबाबांनी हे सगळं भाटकारांना दोनदा सांगितलं. भाटकारांना ते कळलं, असं माझं आजही मत आहे. कळलं म्हणूनच ते म्हणाले, "आरपार कोण बघता, बाब? गावाक हात दिसलो काय पुरे. फोटो माका दी."

त्या वाक्याने दुबावबाब बदलले. वाद नाही, आवाज नाही. मेजावरची कातर उचलली, रोलमधला तो तुकडा कापून काढला आणि आमच्यासमोर त्याचे बारीक बारीक तुकडे केले. ओला फोटोही फाडला. ज्या माणसाने आयुष्यात एक निगेटिव्ह टाकलं नव्हतं, खराब झालेलीसुद्धा डब्यात जपून ठेवली होती, त्याने हे केलं. भाटकार खुर्चीवरून उठले. "म्हणजे तू पण तिच्यांतलो," एवढंच बोलले आणि गेले.

मी राहिले. मला भरून आलं होतं. म्हटलं, काका, तुमचा मावशीवर एवढा विश्वास? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी शिवी दिली. "विश्वास? माझो कोणार विश्वास आसा? तिणा घेतली आसात, नसात, माका काय म्हायत? फोटो खोटो, इतक्याच माका म्हायत." आणि तुकडे झाडून गोळा करायला लागले.

यंत्रावर पुन्हा पडताळून बघायच्या आतच चित्रण पुसलं गेलं, पुरावा उरला नाही. चोराला देवानेच शिक्षा द्यावी म्हणून नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. पुरावा नाही म्हणून मावशी पायरीवर राहिली, पण लोक तिच्यासमोर चपला काढायलाही कचरायचे. आणि दुबावबाब? पुरावा कापणारा माणूस साथीदारच असणार, असं ठरलं. देवळाच्या जत्रेचे फोटो दुसऱ्याकडे गेले, मग आमच्या गावातली लग्नं गेली. ज्याने उभ्या जन्मात सगळ्यांवर संशय घेतला, त्याच्यावर आता सगळा गाव संशय घेत होता. मी चिडून बोलले की म्हणायचे, "घेऊं दी. तेंच्याकडे तपासूक काय नाय म्हणान घेतत."

तेव्हापासून रोज सकाळच्या बसने, कंडक्टरच्या हाती, इंदूमावशीचा एक वळेसर स्टुडिओत यायला लागला. पहिल्या दिवशी ह्यांनी तो उजेडात धरून उलटासुलटा केला. "कित्याक धाडला आसतला?" दोन दिवस तो तसाच मेजावर पडून होता. मग तिकाटण्याला अडकवायला लागले. सुकला तरी नवा येईपर्यंत काढायचे नाहीत.

दसरा आला. तरंगांना नेसवायला गाठोडं सोडलं, मी तिथेच होते. तिसरी का चौथी साडी उलगडताना आतून काहीतरी जड घसरलं आणि चौकात खणखणलं. चांदीची छत्री. मागच्या दसऱ्याला पालखी उतरवताना कुणीतरी ती साड्यांच्या ढिगावर ठेवली असणार, घाईत तिच्यासकट घड्या पडल्या, गाठ बसली, आणि गाठ सोडायची नाही ही रीत. भाटकारांनी सोमवारी डोळ्यांनी बघितलेली छत्री वर्षभर गाठोड्यात निजली होती. त्यांनी ती पुसून पालखीवर लावली आणि ढोल सुरू झाले.

मी तशीच मिळेल ती बस पकडून पेडण्याला गेले. धापा टाकत दुबावबाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू बघितलंस? उजेड होतो?" होता, काका, लख्ख उजेड होता. ते खाली बसले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि त्याबद्दल मात्र मला अजिबात शंका नाही. मग एकदम माझ्यावरच डाफरले, "माका कित्याक सांगूक इलंस? आधी तिका सांगूक होया होता."

मी परतीच्या बसने गेले. मावशी पायरीवर अबोली गुंफत होती. तिला एव्हाना कळलं होतं, गावात अशी बातमी लपते थोडीच. तिने हातातला वळेसर पुरा केला, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "माका सोडलेलां देवानसुद्धा. देवाक नारळ ठेवलेलो माझ्या नावान. त्या एकट्या बाबान माझ्यार विश्वास ठेवलो गो." मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा हा समज कुठून झाला, कुणी केला, ठाऊक नाही. स्वतःच्या मनानेच केला असेल.

नंतर रोल मिळेनासे झाले, पेटीसारखे मॉनिटर गेले, माझा क्लास गेला. दुबावबाब वाळपईला लेकीकडे राहायला गेले. शेवटचं भेटायला गेले तेव्हा डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरने नीट केलंय की नाही ह्याचा त्यांना दुबाव होता, आणि ते तपासायला भिंतीवरचं कॅलेंडर मला वाचायला लावून स्वतः पडताळत होते. निघताना मी त्यांना विचारलं. म्हटलं, काका, इंदूमावशी सगळ्यांना सांगते की तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवलात. खरं काय ते तिला सांगू का? मला वाटलं, खोटं एक क्षण सहन न करणारा हा माणूस, सांग म्हणेल. ते जनेलातून बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "नको. रवांदी तसांच."

त्यानंतर काही महिन्यांनी ते गेले. फोन त्यांच्या लेकीनेच केला होता, तरी मी दोनदा विचारलं, नक्की ना? हल्ली गावच्या ग्रुपवर कुणीतरी कॅमेऱ्यातली क्लिप टाकतं, हा बघा चोर, आणि माझं बोट चालायला लागतं. कुणी काढली, मध्ये काय कापलंय, उजेड किती होता. पोरं मला दुबावबाय म्हणतात. म्हणू देत.

गावी गेले की देवळात जाते. इंदूमावशी आता थकली, पण पायरीवरची जागा तिचीच आहे. नव्या गिऱ्हाइकाला ती अजून ती गोष्ट सांगते. एक बाब होतो पेडण्याक फोटोवालो, म्हणते, डोळे मिटून विश्वास ठेवणारो. मी शेजारी उभी असते. वळेसर घेते, केसात माळते, आणि काही बोलत नाही.